साबणाचे शेअर

मंदी येणार, मंदी येणार असं टीव्हीवाले रोज ओरडायला लागले, तेव्हा काउंटर तीनच्या काकूंनी टीव्ही बंद केला आणि ट्रेवर जास्त लक्ष ठेवायला सुरुवात केली.

ट्रे म्हणजे सुपरमार्केटमधल्या त्यांच्या काउंटरखालची निळी पेटी. गिऱ्हाईक सामान घेऊन येतं, बिलाचा आकडा चढताना बघतं आणि एखादी वस्तू हळूच बाजूला सारतं. "हे राहू द्या." असं राहू दिलेलं सगळं त्या ट्रेमध्ये पडतं आणि संध्याकाळी काकूच ते उचलून पुन्हा फळ्यांवर लावतात. बावीस वर्षं हेच काम. कोणाच्या घरी काय चाललंय, हे शेजाऱ्यांच्या आधी काकूंना कळायचं.

शेअरही त्यांनी ट्रे बघूनच घेतले होते. जे कधी परत येत नाही, ते चांगलं. अंगाचा साबण कधी ट्रेमध्ये दिसला नव्हता, म्हणून दर पगाराला साबणाच्या कंपनीचे थोडे थोडे. आठ वर्षांत बऱ्यापैकी साठले. ते विकून काकांचा गाळा घ्यायचा होता. काका शिंपी. तीस वर्षं एकाच भाड्याच्या गाळ्यात त्यांचं मशीन चालत होतं आणि आता मालकाने तो विकायला काढला होता. महिनाअखेरपर्यंत तुम्ही घ्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक बघतो, असं त्याने स्वच्छ सांगितलं होतं.

आणि नेमका तेव्हाच बाजार पडायला लागला.

रविवारी जावई आले. शेअरचं सगळं तेच बघायचे. चहाला हात लावायच्या आधीच सुरू झाले.

"आई, ऐका माझं. काढून टाका सगळे. लोकांच्या नोकऱ्या गेल्यावर खरेदी कोण करणार?"

"नोकरी गेली म्हणून माणूस आंघोळ करायचा थांबतो का, जावईबापू?"

"उलट जास्त करेल," काका सुईत दोरा ओवत म्हणाले. "वेळच वेळ."

"हसा तुम्ही, बाबा. आज विकले तर गाळ्याला थोडेच कमी पडतील. अजून खाली गेले तर गाळा विसरा."

काकांचा दोरा सुईबाहेर गेला. मग कोणी हसलं नाही.

"मला चार दिवस द्या," काकू म्हणाल्या. "ट्रे काय म्हणतो ते बघते."

मंगळवारी ट्रेमध्ये साबण पडला. चार वड्यांचा मोठा पुडा. बुधवारी सात पुडे. गुरुवारी तर ट्रे भरून वर ढीग झाला. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. काकूंनी तिथूनच जावयांना फोन लावला. "उद्या बाजार उघडला की विका."

"शहाणपणा केलात. तुमच्या फोनवर ओटीपी येईल, तो मला लगेच सांगा."

संध्याकाळी ताट समोर घेऊन त्या नुसत्याच बसलेल्या पाहून काकांनी विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं.

"मोठा पुडा परत देतात, मग घेतात काय?" काका म्हणाले.

"घेतात काय ते मी कशाला बघू? मी परत आलेलं बघते."

"अगं, माझ्या गाळ्यातल्या चिंध्या मोजून मी काय शिवलं ते कळेल का कोणाला?"

काकूंनी ताट जवळ ओढलं आणि पहिला घास घेतला.

शुक्रवारी सकाळी फोन एप्रनच्या खिशात ठेवून त्या काउंटरवर बसल्या. पहिल्याच बाईने मोठा पुडा बाजूला सारला. एरवी काकूंची नजर पुड्याबरोबर ट्रेमध्ये गेली असती. आज ती बाईच्या हातावर राहिली. हात काउंटरशेजारच्या स्टँडकडे गेला आणि त्याच साबणाची एक सुटी वडी घेऊन आला. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं तेच. तिसऱ्याने दोन वड्या घेतल्या. आणि तो स्टँड सोमवारी मॅनेजरच्या सांगण्यावरून काकूंनीच स्वतःच्या हातांनी तिथे लावला होता.

काकूंनी मनात हिशेब केला. सुट्या चार वड्यांची किंमत पुड्यापेक्षा चांगलीच जास्त. माणसं एकदम पैसे टाकायला घाबरत होती, साबण लावायला नाही. कंपनीचं काय बिघडलं होतं?

एवढ्यात फोन थरथरला.

"आई, आकडा सांगा."

"नाही सांगत."

"अहो, दोन मिनिटांत तो बाद होईल."

"होऊ दे."

"काकू, सांगून टाका एकदाचा," रांगेतला माणूस म्हणाला. "माझं बिल खोळंबलंय."

काकूंनी त्याचं बिल केलं. शेअर वाचले, पण गाळा? दुपारच्या सुट्टीत, काकांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत त्या गाळ्यावर पोहोचल्या, तर दारात सहा माणसं उभी. कोणाच्या हातात चेन तुटलेलं जाकीट, कोणाकडे कमरेत सैल करायची पँट.

"ही गर्दी कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"पंधरा दिवस झाले. नवीन कपडे घेत नाहीत, जुनेच आणतात." काकांनी मशीन थांबवलं नाही. "सगळी किरकोळ कामं. सांगण्यासारखं काय आहे त्यात?"

काकूंनी कपाळाला हात लावला. घरात दोघंही एकाच माळेचे मणी. मग त्यांना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला माणूस दिसला. गाळ्याचा मालक. मांडीवर अस्तर फाटलेला कोट.

"मालक, मिळालं का दुसरं गिऱ्हाईक?"

"कुठलं, वहिनी? या दिवसांत पैसे कोण बाहेर काढतंय?"

"आम्ही काढतो. पण एकदम नाही. दर महिन्याला यांच्या किरकोळ कामातून हप्ता, आणि वर्षाअखेर उरलेले साबणातून."

"साबणातून?"

"ते माझ्याकडे लागलं."

मालकाने दारातल्या रांगेकडे पाहिलं, काकांच्या पायाखाली धावणाऱ्या मशीनकडे पाहिलं आणि मान हलवली. "लिहून द्या तसं. आणि कोट उद्या हवा."

"मंगळवारी," काका म्हणाले. "तुमच्या आधी सहा जण आहेत."

"अहो, मालक आहे मी इथला."

"वर्षभरच," काकू म्हणाल्या आणि सुट्टी संपायच्या आत काउंटरकडे निघाल्या.