सातवा लिंब

मिनानं मागं हात केला. बोट धरायला कुणी आलं नाही. वळून पाहिलं तर चपलांचा ढीग, माणसांचे पाय, ऊन. पुजा नव्हती.

"मामा, माजी पोरगी? आत्ता मापाला उभी होती."

चपलावाले माणिकराव हातातली लहानगी चप्पल तशीच धरून उभे राहिले. "पुढं गेली आसंल माय, जीपा पाहाया. पळ!"

मिना पळाली. छावणी रस्ता बाजाराच्या दिवशी असा तुंबलेला, की हाक पलीकडं पोचत नव्हती. जीपस्टँडवर तिनं प्रत्येक जीपच्या खाली वाकून पाहिलं.

"टेम्पोवाले लई जोरात येऊन राहिले बाई," एक ड्रायव्हर म्हणाला. "रस्त्यानं कुनाला इचारलं का?"

ती दुसऱ्या अंगानं, दुकानांच्या पायऱ्या धुंडाळत माघारी आली. पाच वर्षांचं लेकरू, अनवाणी. संध्याकाळी तांड्यावर रिकाम्या हातानं उतरले तर? त्यापुढं तिचं मन जाईना.

चपलांच्या ढिगाशी येऊन ती मटकन बसली, आणि तिला सकाळ आठवली. म्हातारा सासरा थावरा पुजाला सांगत होता, "हरवलं की मागच्या मुक्कामाला जाऊन उभं राहायचं. सातवा लिंब. ध्यानात हाय न्हवं?"

"लिंब कवाच तोडले. काहून लेकराचं डोस्कं भरवता?" मिना फटकन बोलली होती.

त्याच्या लेखी हा रस्ता बैलांनी पाडलेला. त्याच्या आज्याचा लमाण तांडा मिठाच्या गोण्या लादून इथूनच जायचा. पुढं छावणीतल्या पलटणीनं त्याच वाटेवर मुरूम टाकला, दोन्ही अंगांना लिंब लावले. गावोगावचे पाहुणे सावली पाहायला यायचे, असा रस्ता. पुजा चालायला लागल्यापासून थावरा तिला दर बाजारी सातव्या लिंबाखाली बसवायचा, पाणी पाजायचा, उरलेलं बुंध्याला ओतायचा. मग हिंगोली जिल्हा झाला. रस्ता रुंद झाला. लिंबांच्या जागी डांबराची गोल ठिगळं उरली, ती आता ऐन रहदारीत आलेली. त्यानंतर थावरानं बाजार सोडला.

मिना उठली. रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या पलटणीच्या जुन्या दरवाजापासून तिनं मोजायला घेतलं. पहिलं ठिगळ. दुसरं. पाचव्यावर एक बैलगाडी आडवी. ती गेली, आणि मिनाला हिरवा झगा दिसला.

पुजा भर रस्त्यात उभी होती. दोन्ही बाजूंनी गाड्या घासून जात होत्या. तापल्या डांबरावर ती एक पाय उचलायची, टेकवायची, दुसरा उचलायची. पण ठिगळाच्या बाहेर एक बोटही पडत नव्हतं.

मिनानं धावत जाऊन तिला कवटाळलं.

"याडी," पुजा आईला म्हणाली, "तू इथूनच गेलीस. दोनदा."

मिना दोन्ही वेळा कडांना पाहत गेली होती. रस्त्याच्या मधोमध लेकरू कोण शोधतं?

"मग हाक काहून न्हाई मारलीस माय?"

"थावरादादा म्हनतो, हरवलेल्यानं हाक मारू न्हाई. भलताच मानूस ओ देतो."

मिनानं तिला कडेवर घेतलं, कमरेची पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लावली. पुजा घटाघटा प्याली आणि अंग सोडवून खाली उतरायला लागली.

"आता काय? चल, मरायचंय का इथं?"

"उरलंय ना," पुजा म्हणाली, आणि बाटली डांबरावर उलटी केली.

पाण्याची बारीक धार लागली. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत अंगावर आला. मिना लेकीच्या पुढं झाली, आणि हात आडवा करून उभी राहिली. पाणी संपेपर्यंत तिनं तो खाली घेतला नाही.