पेटी शेजारच्या खोलीत

घशाच्या दुखण्यातून उठल्यावर बाबांचा आवाज परत आला, पण खाली उतरून आला. चाळीस वर्षं दर रविवारी ते सभागृहात गाऊन निरूपण करतात, तेही पेटीच्या पांढरी चार या पट्टीत. आता गळा पांढरी दोनच्या वर जायला तयार नव्हता. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मिळून तीन पायऱ्यांचा फरक.

"दोन तर दोन," बाबा म्हणाले. "देवाला पट्टीचं काय? भाव पोचला की झालं."

अडलं ते पेटीमास्तरांपाशी. मास्तर म्हणजे बाबांचे बालमित्र, माझे काकाच. आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या साथीला ते बसले नाहीत, त्यामुळे त्यांची बोटं फक्त पांढरी चार ओळखायची. पट्टी सरकवता येणारी पेटी आणून पाहिली, तर तिचा भाता इतका हलका की मास्तरांनी हात ठेवताच ती किंचाळायची.

"पोरी, एकाच घरात जन्म गेला माझा," ते म्हणाले. "शेजारच्या घरात, अंधारात, मला मिठाचा डबा कसा सापडेल? बुवाला दुसरा पेटीवाला बघा."

"मग मीही बसत नाही. ना या रविवारी, ना पुढे," बाबा म्हणाले आणि उठून आत गेले.

मी आवाजाचेच प्रोग्राम लिहून पोट भरते. म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! शुक्रवारी दुपारी रिकाम्या सभागृहात लॅपटॉप मांडला. माइकमधून येणारा आवाज घ्यायचा, येता येताच तीन पायऱ्या वर चढवायचा आणि स्पीकरमधून सोडायचा. घरी माझ्या आवाजावर झकास चाललं होतं. बाबा खाली गातील, लोकांना जुनी पट्टी ऐकू येईल आणि मास्तरांची बोटं सुखात राहतील.

बाबांनी सूर लावला. शेजारी मास्तरांनी पेटी धरली. कानाशी पेटी आली तसा बाबांचा गळा सवयीने तिच्यामागे वर ओढला गेला, आणि त्यावर माझा प्रोग्राम आणखी तीन पायऱ्या चढवत होता. भरीला पेटीही माइकमध्ये शिरली. स्पीकरमधून असं काही निघालं की मास्तरांनी भाता सोडून कान झाकले.

"बुवा, तुझं मांजर झालं रे!"

बाबा खोकता खोकता हसले. मग मला म्हणाले, "बंद कर ते, चिमणे. तिथे बसून मी लोकांना खरं वागा म्हणून सांगतो. माझा नसलेला गळा त्यांना नाही ऐकवणार."

मी लॅपटॉप मिटला. रात्री जेवताना लख्ख कळलं. गळा बिचारा आधीच खाली आलाय. वर अडकलीये ती पेटी. मग उतरवायचं तिला!

शनिवारी मास्तरांना पेटीसकट शेजारच्या पुस्तकांच्या खोलीत नेलं.

"आता कोठडीत टाकतेस होय मला?"

"काचेचं दार आहे, काका. बाबा दिसतील."

"त्याचं तोंड बघायची हौस कुणाला आहे?"

दार घट्ट लावलं. पेटीसमोर एक माइक ठेवला. तिचा आवाज तीन पायऱ्या उतरून सभागृहात जाणार होता. मास्तरांना मात्र बाबा पांढरी चारमध्येच ऐकू यायला हवेत, नाहीतर दोघांचं जुळणार कसं? म्हणून बाबांचा आवाज तीन पायऱ्या चढवला, पण फक्त मास्तरांच्या हेडफोनपुरता. या जाण्यायेण्यात आवाजाला किंचित उशीर होतो, त्याची मला धास्ती होती. पण साथीची पेटी गळ्याच्या मागूनच चालते. मास्तरांनी अर्धं पाऊल आधी उचललं आणि हिशेब जुळला.

रविवारी सभागृह भरलं. बाबांनी पहिली ओळ सुरू केली, खाली, रुंद, थोडी खरखरीत. पुढच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मागून पेटी आली, त्याच पट्टीत, बाबांच्या शब्दाला हात देत. नावाड्याची गोष्ट सांगत बाबा ध्रुवपदावर आले, आणि एरवी नुसते ओठ हलवणारे लोक मोकळ्या गळ्याने म्हणू लागले. उंच पट्टीत ज्यांचा दम तुटायचा, त्यांनाही आज ते पेलत होतं. बाबांनी डोळे मिटले आणि ध्रुवपद आणखी तीनदा घेतलं. देवाचं नाव एवढ्या गळ्यांतून एकदम निघालेलं मी त्या सभागृहात कधी ऐकलं नव्हतं.

काचेपलीकडे मास्तर वाजवता वाजवता बाहीने डोळे पुसत होते.

संपल्यावर ते हेडफोन हातात घेऊनच बाहेर आले.

"कसं झालं?" बाबांनी विचारलं.

"तिसऱ्या पदात श्वास चोरलास. तरुणपणीही तिथेच चोरायचास."

"तू काय ऐकत होतास, मला ऐकू तर दे," म्हणत बाबांनी हेडफोनकडे हात नेला.

मास्तरांनी तो छातीशी धरला. "अजिबात नाही. तू आपला तुझ्या दोनमध्ये नांद. आणि पोरी, त्या खोलीत पंखा लाव. दर रविवारी एवढा घाम गाळायचं माझं वय आहे का?"