दोन सुक्या

"वेणूबेन, सुक्या गेला," जिग्नेशभाई म्हणाला, आणि आपण काय बोलून बसलो ते बोलल्यावरच कळावं तसा शेडच्या दाराला धरून उभा राहिला. त्याच्या हातातला फोन अजून चालूच होता.

वेणूच्या हातात दोन चिकू होते. ते तिने खोक्यात आपापल्या जागी बसवले. बाकीच्या बायांचे हात थांबले होते. घोलवडच्या जिग्नेशभाईच्या या वाडीत ती कित्येक वर्षं चिकू निवडायला येत होती. फळाकडे न बघता नुसत्या बोटांनी लहानमोठं वेगळं करायची, आणि तोंडाने सतत काहीतरी बोलत असायची. आता तिने मान वर केली आणि विचारलं, "कंचा सुक्या?"

"म्हणजे?"

"आमच्या पाड्यातलं दोन सुक्या हायेत तिथं. कंचा गेला?"

जिग्नेशभाईने फोन कानाला लावला. पलीकडे कुणी नव्हतं. त्याने पुन्हा लावून पाहिला, तर फोन बंद. मग तो जेवढं ऐकलं होतं तेवढं चाचरत सांगू लागला. खाणीत गॅस साठला होता, तो पेटला. आत होती ती बरीच माणसं गेली. "तुमच्याकडचा सुक्या गेला, घरी कळवा," एवढं बोलून मुकादम चिमणने फोन ठेवला होता. दुसरा सुक्या? हां, एक जण इस्पितळात आहे म्हणाला. नाव? नाव सुक्याच सांगितलं.

शुक्रवारी जन्मलेल्या पोराचं नाव सुक्या ठेवायची जुनी रीत. सायवनकडच्या त्या पाड्यात आजवर त्यामुळे कुणाचं अडलं नव्हतं. थोरला सुक्या म्हणजे रूपीचा नवरा, दोन पोरांचा बाप. धाकटा सुक्या म्हणजे वेणूचा मुलगा, नवरा वारल्यावर तिने एकटीने वाढवलेला. आडनाव एक, घरं समोरासमोर, मध्ये एक आंब्याचं झाड. भाताची कापणी उरकली की दोघं जोडीनेच कामाला बाहेर पडत. दोन वर्षं एका बोगद्याच्या कामावर त्यांनी दगड फोडला. तिथूनच चिमणने त्यांना उचललं आणि या २०१७ च्या पौषात पार झारखंडात नेलं, जमिनीखालच्या कोळशाच्या खाणीत. "कोळसा दगडापेक्षा मऊ असतो, आये," धाकटा फोनवर हसत म्हणाला होता.

वेणू पाड्यावर पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. रडायला बाया जमल्या होत्या, पण बसायचं कुणाच्या दारात ते कुणालाच कळेना. इकडे बसावं तर रूपीच्या नवऱ्याला जिवंत धरल्यासारखं, तिकडे बसावं तर वेणूचा पोरगा वाचला म्हटल्यासारखं. शेवटी सगळ्या आंब्याखाली बसल्या, दोन्ही दारांच्या मध्ये, आणि कुणीच रडलं नाही. रूपी आपल्या उंबऱ्यात उभी होती. तिच्या धाकट्या लेकीने तिच्या लुगड्याचा पदर तोंडात धरला होता. समोरून येणाऱ्या वेणूकडे रूपीने पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. वेणूनेही तेच केलं. उभ्या जन्मात त्या दोघींनी एकमेकींपासून असं तोंड चुकवलं नव्हतं.

दोघांचेही फोन लागत नव्हते. चिमणचा बंदच होता. आश्रमशाळेतला शिपाई मनिष पाड्यातलाच. त्याला हिंदी बरं यायचं, आणि तो धीराचा माणूस. तो म्हणाला, "इथं बसून काय कळायचं नाय. चला, मी येतो संगती." रूपीने पोरं सासूकडे दिली. वेणूने भाकऱ्या बांधल्या. डहाणूहून सुरत आणि सुरतेहून पूर्वेकडे जाणारी गाडी, असा तो प्रवास. साध्या डब्यात दाराजवळ तिघांना टेकायला जागा मिळाली.

वेणू गाडीभर बाहेर बघत होती, पण दिसत काहीच नव्हतं. तिच्या मनात हिशेब चालला होता, आणि तो तिला थांबवता येत नव्हता. थोरला अंगाने दांडगा, तो नेहमी पुढे असायचा. म्हणजे आत, अगदी आत तोच असणार. आपला पोरगा आळशी, पाणी प्यायला म्हणून दहादा बाहेर येणारा. त्याचा आळस आजवर तिने शिव्या घालून घालून हाणून पाडायचा प्रयत्न केला होता. आता ती मनातल्या मनात म्हणत होती, आळशीच राहा रे बाबा, बाहेरच बसलेला अस. आणि एवढं म्हणून झालं की शेजारी बसलेल्या रूपीचा दंड तिच्या दंडाला लागायचा, आणि आपण कुणाचं मरण मागतोय ते वेणूच्या अंगावर काट्यासारखं येऊन उभं राहायचं.

वेणूने भाकरी सोडली आणि अर्धी रूपीपुढे केली. रूपीने ती घेतली नाही. गुडघ्यात घातलेलं डोकं वर न काढता ती म्हणाली, "काकी, मना तुझी भाकर नको."

"का गं?"

"मी कालपासून देवाला एकच मागतंय. तुझा गेला असू दे, माझा ऱ्हाऊ दे." ती थांबली. "तुझा सुक्या माझ्या हातचं जेवलेला पोऱ्या. तरी मी तेच मागतंय. मना भाकर नको देऊस."

मनिषने तोंड दाराकडे फिरवलं. वेणूला आधी रागच आला, असा की भाकरी दाराबाहेर भिरकावावी. मग तो राग जसा आला तसा गेला.

"खा," ती म्हणाली. "मीबी तेच मागतंय."

रूपीने डोकं वर केलं. दोघींनी पहिल्यांदाच एकमेकींकडे नीट पाहिलं. त्यानंतर रूपीने भाकरी घेतली. पुढच्या प्रवासात दोघी फारसं बोलल्या नाहीत, पण रूपीला झोप लागली तेव्हा तिचं डोकं वेणूच्या मांडीवर होतं.

खाणीचं गाव काळं होतं. रस्ता, छपरं, झाडांची पानं, कुत्री, सगळ्यावर काळी भुकटी बसलेली. खाणीच्या तोंडाशी दोरी बांधून पोलीस उभे होते. आतून अजून धूर येत होता, आणि दोरीच्या अलीकडे बायामाणसं नुसती बसून होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. अख्खा गाव जमलेला आणि आवाज नाही, असं वेणूने कधी पाहिलं नव्हतं. तिथल्याच एका कामगाराने मनिषला सांगितलं ते मनिषने दोघींना सांगितलं. आत हवा खेळती ठेवणारा पंखा दोन दिवस बंद होता. तरी पाळीची माणसं आत सोडली. एकच भडका उडाला, आणि आगीपाठोपाठ आलेल्या हवेने लोखंडी गाडी खेळण्यासारखी बाहेर फेकली. जे आत होते त्यांतले काही जळाले, काहींच्या अंगावर ओरखडाही नव्हता, नुसता श्वास संपला. ठेकेदाराच्या माणसाने दोघांचंही नाव एकच लिहिलं होतं, बापाचं नाव विचारलंच नव्हतं. चिमण त्या दिवसापासून कुणाला दिसला नव्हता.

इस्पितळात नर्सने त्यांना व्हरांड्यात अडवलं. जखमा उघड्या आहेत, आत एकालाच सोडता येईल. "सुक्या का कौन है? बीवी कि माँ?"

दोघीही पुढे झाल्या होत्या. नर्स गोंधळून मनिषकडे पाहू लागली.

वेणूचा पाय उंबऱ्याला लागला होता. आत बारा पावलांवर की वीस पावलांवर कुठेतरी खाट होती आणि खाटेवर एक माणूस होता. तिने पाय मागे घेतला. पुढे आयुष्यभर तिला सांगता आलं नाही की तो तिने कशाने मागे घेतला. रूपीची दया आली म्हणून, की जे असेल ते बघायची छाती झाली नाही म्हणून.

"तू जा," ती म्हणाली.

रूपी आत गेली. वेणू कान लावून उभी राहिली. आतून हंबरडा आला तर आपला वाचला, एवढं तिला कळत होतं, आणि हंबरडा यावा म्हणून तिचा जीव कासावीस झाला होता. पण आतून काहीच आवाज आला नाही. काहीच नाही, म्हणजे रूपीचा नवरा खाटेवर आहे, ती त्याच्याजवळ बसली आहे. वेणू भिंतीला धरून खाली बसली.

रूपी बाहेर आली ती अगदी सावकाश. चेहरा कोरडा होता. वेणूसमोर ती उकिडवी बसली आणि तिने वेणूचे दोन्ही हात धरले.

"काकी, ऊठ. तुझा हाय. तोंड बांधलंय, पण डोळं त्याचंच हायेत. मना वळखलान त्याने."

वेणूच्या छातीत जे उसळलं ते आनंदाचंच होतं. दुसरं काही नव्हतं. ते तोंडावर येऊ नये म्हणून तिने पदर तोंडात कोंबला, आणि रूपी ते बघत होती. मग रूपीचीच नजर हळूहळू विझत गेली. हातांची पकड सुटली. व्हरांड्याच्या फरशीवर ती बसल्या जागी कलली.

"मना माझ्या सुक्याकडं ने," ती म्हणाली. "एकटीला नाय जमायचं."

दार उघडं होतं. आत पोरगा होता. वेणू एकदा त्या दाराकडे पाहून उठली, रूपीला काखेत धरून उभं केलं आणि मनिषच्या मागोमाग मागच्या, प्रेतं ठेवलेल्या पत्र्याच्या शेडकडे निघाली.

थोरला सुक्या तिथे रांगेत होता. त्याला कुठे लागलेलं नव्हतं, झोपल्यासारखा दिसत होता. फक्त सगळा काळा. मनिष बाहेरच थांबला. रूपी नवऱ्याच्या उशाशी बसली आणि बोटाने त्याच्या भुवईवरची भुकटी काढू लागली. ती निघेना. वेणूने पाण्याची बाटली उघडली, आपल्या पदराचं टोक भिजवलं, आणि त्याचं तोंड पुसलं, मग गळा, मग हात. शेडचा माणूस म्हणाला, "माई, ये नहीं छूटेगा." वेणू पुसत राहिली. रूपी तेव्हा रडली.

ठेकेदाराचा एक माणूस आला. इथेच उरकून टाका, संध्याकाळी सगळ्यांचं एकदमच होणार आहे, म्हणाला. रूपी उभी राहिली. मोडक्यातोडक्या हिंदीत ती म्हणाली, "इसका बच्चा लोग उधर है. देखेगा. मेरेकू गाडी मंगताय." तो माणूस अंतर, उन्हाळा, बर्फ असं काहीबाही बोलत राहिला. रूपी गाडीचं नाव सोडीना. वेणू आणि मनिष तिच्या दोन बाजूंना उभे राहिले, आणि शेडबाहेर आपापल्या माणसांसाठी बसलेल्या बायांमधल्याही काही उठून आल्या. तासाभराने गाडी मिळाली. थोरल्या सुक्याला घेऊन रूपी आणि मनिष पाड्याकडे निघाले. निघताना रूपी गाडीच्या खिडकीतून म्हणाली, "जा आता आत. वाट बघत असल तो."

मग वेणू आत गेली.

पोराचं डोकं, हनुवटी, दोन्ही हात बांधलेले होते. डोळे आणि ओठ तेवढे उघडे. तिला पाहताच डोळ्यांतून पाणी आलं. ती खाटेच्या कडेला बसली आणि बोलायला लागली, काय वाटेल ते, घरचं, कोंबड्यांचं. तो एकटक तिच्या ओठांकडे बघत होता. नर्स म्हणाली, "माई, स्फोट से कान गया है. सुनता नहीं." आणि तेवढ्यात तो बोलला. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नव्हता म्हणून त्याने ओरडून विचारलं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं.

"आये! सुक्यादा कुठं हाय?"

तिने मान हलवली. तो पुन्हा ओरडला, "रूपीवैनी आलेली. सुक्यादा कुठं हाय? माझ्या मागं होता तो! कुठं हाय?"

आजूबाजूच्या खाटांवरची माणसं वळून बघू लागली. वेणूला लिहिता येत नव्हतं. ओठांवरून त्याला कळत नव्हतं. ती थोडा वेळ त्याच्या बांधलेल्या हातांकडे बघत बसली. मग तिने दार दाखवलं, रूपी जिथून गेली ते. आणि आपल्या कोऱ्या कपाळावर अंगठा ठेवून, कुंकू पुसावं तसा, सावकाश आडवा ओढला.

तो बघत राहिला. तिने अंगठा पुन्हा एकदा ओढला.

त्यानंतर त्याने काही विचारलं नाही. वेणूने पदराचं टोक पिळलं. त्यातून अजून काळं पाणी येत होतं. ते तिने खाटेखाली निथळू दिलं, आणि पदराच्या दुसऱ्या, कोरड्या टोकाने त्याचे डोळे पुसले.