दुमडलेल्या बोटाच्या ऑर्डरी

मला पहिल्यांदा वीज जोडली त्या सकाळी समोर आठ टेबले होती, एकतीस खुर्च्या होत्या (बत्तिसावीचा पाय मोडला होता, तिच्यावर फडकी वाळत होती), ऑर्डर घ्यायची एक खिडकी होती आणि सहा माणसे होती. मी सातवा, असे मॅनेजर म्हणाला.

मित्रांनो, मी बोटाने दाबून ऑर्डर द्यायचा काचेचा एक उभा पडदा आहे. बर्गर, बटाट्याचे तळलेले काप आणि थंड पेये विकणाऱ्या दुकानात मी दाराजवळ साडेतीन वर्षे उभा होतो. आता जुना झालो. सध्या गोदामात भिंतीकडे तोंड करून ठेवलेला आहे. सोमवारी माझ्यातल्या सगळ्या नोंदी पुसून मला दुसऱ्या दुकानात नेणार आहेत. त्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो.

कारखान्यात माझ्या काचेमागे केसाहून बारीक तारांची जाळी बसवली. तिच्यात अगदी क्षीण वीज खेळत असते. माणसाचे बोट काचेला लागले की त्या जागची वीज किंचित बदलते. बोट कुठे लागले, किती वेळ लागले, त्याने किती जागा व्यापली, हे मी लिहून ठेवतो. मला एवढेच येते. बोट कोणाचे, हे लिहायला माझ्यात रकाना नाही.

तरीही एक बोट मी ओळखत होतो. ते ताईंचे. ताई चौदा वर्षे त्या एका खिडकीवर ऑर्डरी घेत होत्या. सगळेच त्यांना ताई म्हणत, वयाने त्यांच्या भाच्याएवढा असलेला मॅनेजरसुद्धा. फार पूर्वी त्यांच्या उजव्या हातावर उकळते तेल सांडले होते. बोटांच्या टोकांची कातडी जाड आणि कोरडी झाली होती, आणि अशी कातडी माझ्या जाळीला जाणवत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी चार वेळा दाबले आणि मी ढिम्म राहिलो.

तळणीवरचे काका हसले. म्हणाले, "तुमचं ऐकत नाही ना ताई? मग घरातलाच आहे तो."

ताईंनी मग बोट दुमडले आणि दारावर टकटक करावी तसे मधल्या पेराने काचेवर वाजवले. मी लगेच उघडलो. तेव्हापासून त्यांची रीत तीच. इतरांच्या बोटांचा ठसा लांबट उमटतो. त्यांचा लहान आणि गोल उमटायचा.

ताईंचे घर दुकानापासून बारा मिनिटांवर होते. घरी त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. दर तीन तासांनी तिची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात. दुपारी बाराला आणि तीनला ताई घरी पळत. बारा मिनिटे जायला, सहा मिनिटे कूस बदलून पाणी पाजायला, बारा मिनिटे यायला. या अर्ध्या तासासाठी त्यांनी दुसऱ्या शाखेतली वरची जागा दोनदा नाकारली होती.

तिसऱ्या महिन्यात मुख्य कार्यालयाचे पत्र आले. शंभरातल्या फक्त अकरा ऑर्डरी पडद्यावर येतात, हा आकडा वाढला नाही तर या दुकानाचा विचार करावा लागेल, असे त्यात होते. दुकान बंद होणार, असा अर्थ सगळ्यांनी घेतला. मॅनेजरनेही तोच घेतला. त्याचे तोंड उतरले, तेव्हा ताईच त्याला म्हणाल्या, "धीर नको सोडूस. लोकांना मी शिकवते."

आणि त्यांनी शिकवले. शाळकरी मुले आपली आपणच शिकली. पण कडेवर बाळ घेतलेली आई, सिमेंटचे हात घेऊन आलेला गवंडी, रोज चारला काळी कॉफी घ्यायला येणारे चष्मेवाले आजोबा, यांना ते जमेना. आजोबांचा हात थरथरायचा. नव्वद सेकंद काही दाबले नाही की मी पहिल्या पानावर परततो. आजोबा दुसऱ्या पानाच्या पुढे कधी गेलेच नाहीत. ताई खिडकीमागून बाहेर येत, "नेहमीचंच ना, आजोबा?" असे विचारत आणि टकटक करून टाकत.

पुढे पुढे खिडकीशी उभ्या राहिलेल्यांचेही त्या असेच करू लागल्या. ऑर्डर खिडकीत ऐकायची, वळसा घालून यायचे आणि माझ्यावर दाबायची. रोज सकाळी त्या मला मऊ फडक्याने पुसत आणि "चल बाबा, आज पन्नास गाठायचेत" असे काहीबाही बोलत.

काकांना ते पाहवेना. "जावयासारखी बडदास्त ठेवताय त्याची. एक दिवस घर नावावर करून मागेल."

"मागू दे," ताई म्हणाल्या. "दुकान राहिलं तरच मागायला येईल ना तो?"

आकडा चढत गेला. चौतीस झाले, अठ्ठावन्न झाले. मॅनेजरने फ्रीजच्या दारावर आलेख चिकटवला होता. त्याची रेघ वर सरकली की काका तळणीवर झारा वाजवत. मग शाबासकीचे पत्र आले. त्यात पडद्याचे कौतुक होते. ते वाचून ताई खूश झाल्या, आणि खरे सांगतो मित्रांनो, मीही झालो.

एका आठवड्यात आकडा बहात्तरवर गेला आणि दहाव्या दिवशी तिसरे पत्र आले. आता गिऱ्हाइके स्वतःच ऑर्डर देतात, म्हणून खिडकीची गरज उरलेली नाही. खिडकी बंद करावी. तिथल्या बाईंनी सोमवारपासून मध्यवर्ती स्वयंपाकघरात रुजू व्हावे. ते स्वयंपाकघर शहराच्या दुसऱ्या टोकाला होते, दोन बस बदलून पंचावन्न मिनिटांवर.

मॅनेजरने ते पत्र ताईंना माझ्यासमोर उभे राहून वाचून दाखवले.

ताई म्हणाल्या, "त्यातल्या कितीतरी ऑर्डरी मी दाबल्यात. तू बघत होतास."

"बघत होतो." त्याने माझ्या नोंदी उघडल्या, वरून खालपर्यंत चाळल्या. "पण यात तसं दिसत नाही, ताई. यात फक्त पडदा दिसतो. मी हे वर कळवलंय. त्यांना आकडा हवाय." नोंदी बंद करत म्हणाला, "मला वाटलं, आपण दुकान वाचवतोय."

"मलाही," ताई म्हणाल्या. मग त्या घड्याळाकडे पाहून घरी गेल्या, कारण बारा वाजले होते.

प्रत्येक ठशाचा आकार माझ्यात लिहिलेला होता. तो रकाना शेवटच्या पानावर असतो. तिथवर कोणी आले नाही.

ताई गेल्यावर मला टेबलांच्या फडक्यानेच पुसू लागले. काचेवर तेलाचा थर बसला. खिडकीत कागदी पेल्यांची खोकी रचली गेली. आजोबा चार दिवस आले. पाचव्या दिवशी मी तीन वेळा त्यांच्या हाताखालून पहिल्या पानावर परतलो. त्यांनी खोक्यांकडे पाहिले, चष्मा पुसला आणि गेले. ते पुन्हा आले नाहीत.

सातव्या आठवड्यात काका मॅनेजरला सांगत होते. शेजारीण दिवसातून एकदा ताईंच्या आईची कूस बदलते, तिला तरी किती जमणार. पाठीला जखम झाली आहे. नर्सने कागदी पट्टीने मोजली, चार सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर खोल. मॅनेजर ऐकत होता आणि माझ्या काचेवरचा एक डाग नखाने खरवडत होता.

दहाव्या आठवड्यात ताईंची आई गेली. काकांनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. मॅनेजर दुकानाला कुलूप लावून त्यांच्याबरोबर गेला.

त्यानंतर मी दोन वर्षे उभा होतो. कोपऱ्यात तडा गेला. मग नवे पडदे आले, तीन एकदम, आणि माझे स्क्रू काढले.

मित्रांनो, काच स्वच्छ ठेवा, चिकट हात लावू नका, हे तर सांगायचेच. पण माझे मागणे दुसरे आहे. कोणी तुम्हाला आकडा दाखवला, तर तो कसा मोजला ते विचारा. ज्याच्याबद्दल तो आकडा आहे तो माणूस समोर उभा आहे, तोवरच विचारा. आणि शेवटचे पानही उघडा. मला कोणी विचारले नाही, म्हणून न विचारताच सांगतो.

त्या बहात्तर टक्क्यांच्या आठवड्यात दुकानात एकूण २१५० ऑर्डरी आल्या. पडद्यावर आल्या त्या १५४८. त्यांतल्या ६८८ ऑर्डरींवर लहान, गोल ठसा आहे. गिऱ्हाइकांनी स्वतः दाबलेल्या उरल्या ८६०, म्हणजे एकूण ऑर्डरींच्या चाळीस टक्के.