हुंकार न देणारा फोन

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. काशीमीऱ्याच्या एका खोलीत, सुगंधाताईंच्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर मी बसलेला असतो. रंग माझा मूळचा पिस्त्यासारखा. आता पिवळट पडलाय.

कारखान्यातून या घरी आलो, तेव्हा मला हार घातला होता. गावच्या फोनची वाट बघत शेजारीपाजारी माझ्यासमोर चटईवर बसायचे. कुणाचं बारसं, कुणाचा निकाल, सगळं आधी माझ्या कानात यायचं. मग ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला आणि माझी लाइन बंद झाली. भंगारात गेलो नाही तो ताईंमुळे. देवपूजा आटोपली की त्या मलाही पुसायच्या. पण उचलत मात्र कुणी नव्हतं.

ताई नाक्यावरच्या एका हॉटेलच्या तळघरात चादरींच्या घड्या घालायच्या. तिथे दिवसभर मशीनची घरघर, बोलायला माणूस नाही. एकदा मॅनेजर स्वप्नील म्हणाला, मावशी, इंग्रजीत फोन घेता आला तर रिसेप्शनवर तुम्हीच या. ताईंना इंग्रजी समजायचं, थोडं वाचताही यायचं; ओठांवर तेवढं येत नव्हतं.

चातुर्मास लागला. दरवर्षी नेम म्हणून त्या काहीतरी सोडायच्या, कधी वांगं, कधी कांदा. यंदा ठरवलं, सोडायचं नाही, धरायचं. सांजवात झाली की माझा रिसीव्हर कानाला लावून इंग्रजीत बोलायचं.

किती काळानं कुणाचा श्वास माझ्यात आला, मित्रांनो. आधी नुसतं "हॅलो". मग "गुड इव्हनिंग". मग सबंध वाक्यं.

त्यांचे यजमान लवूभाऊ रिक्षा लावून आले की हसायचे. "मेलेल्या फोनवर कुणाशी गो बोलतेस? यमाकडं लाइन लागली काय?"

ताई हळूच म्हणायच्या, "देव तरी कुठे उत्तर देतो? तरी आपण बोलतोच ना."

श्रावण सरला आणि स्वप्नीलनं त्यांना एका दुपारी वर बसवून पाहिलं. फोन वाजला. ताईंनी उचलला आणि पाठ झालेलं सगळं एका दमात बोलून टाकलं, टॉवेल आत्ता पाठवते, थँक्यू सर, आणि ठेवूनही दिला. समोरचा बिचारा खोलीचं दार उघडत नाही म्हणून सांगत होता. त्याला टॉवेल मिळाला. हॉटेलात त्यांना सगळे 'टॉवेल मॅडम' म्हणू लागले. स्वप्नील म्हणाला, दिवाळीनंतर अजून एकदा बघू. नाहीतर दुसरं कुणीतरी घेऊ.

चूक त्यांची नव्हती. मी कधी मध्ये बोललो नाही, म्हणून थांबायचं असतं हे त्या शिकल्याच नाहीत.

त्या संध्याकाळी त्यांनी रिसीव्हर उचलला. पण शब्द फुटेना. डोळ्यांतलं पाणी माझ्या बटणांवर पडलं. नेम मोडायला आला होता.

लवूभाऊ दारात उभे राहून बघत होते. ते आत आले, देव्हाऱ्यातले तांदूळ मुठीत घेतले आणि समोर पाटावर बसले. व्रताची कहाणी ऐकायला बसतात तसे.

"मला विंग्रजी येत नाय," ते म्हणाले. "हुंकार देतो. मी 'हूं' म्हटल्याबिगर पुढं जायचं नाय."

ताई म्हणाल्या, "गुड इव्हनिंग सर." आणि थांबल्या.

लवूभाऊ मुद्दाम गप्प राहिले. बाहेर हायवेवरून एक ट्रक गेला, दुसरा गेला. मग सावकाश म्हणाले, "हूं."

असं रोज चाललं, कार्तिकी एकादशीपर्यंत.

पुढच्याच आठवड्यात ताई कामावरून आल्या त्या हसतच. स्वप्नीलनं पुन्हा रिसेप्शनवर बसवून पाहिलं होतं. तिथला फोन वाजला, त्यांनी विचारलं, ऐकून घेतलं, मग उत्तर दिलं. आता त्या वर बसणार होत्या. चप्पलही न काढता त्यांनी हे सगळं लवूभाऊंना सांगितलं. मला नाही सांगितलं.

मी रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी नेमाची सांगता म्हणून त्यांनी मला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि वरून विणलेला रुमाल घातला. तेव्हापासून मी त्या रुमालाखाली आहे. सांजवात होते, उदबत्तीचा वास येतो. कानाला कुणी लावत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी मोठं माणूस नव्यानं काही बोलू बघत असेल. आई असेल, काका असतील. अडखळतील. हसू नका, आणि माझ्यासारखे मुकेही राहू नका. मूठभर तांदूळ घेऊन समोर बसा. मला जे जन्मभर जमलं नाही, ते तुम्हाला सहज जमेल. नुसतं "हूं" म्हणा.