तळ सपाट आहे

जाताना

सर्वेक्षणाचं जहाज समुद्रावर नांगरणीसारखं फिरतं. एक पट्टा जाताना, शेजारचा पट्टा येताना. खाली आवाज सोडायचा, तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढायची. पट्ट्यांच्या कडा एकमेकींवर चढवाव्या लागतात, नाहीतर मधे फट राहते. तीन देशांची तीन जहाजं, हिंदी महासागराचा पार दक्षिणेकडचा तुकडा, आणि त्या सगळ्या आकड्यांची साफसफाई मारुंजीत, एका जिमच्या वरच्या मजल्यावरच्या कंपनीत.

साफसफाई म्हणजे खोटे ठिपके पुसणं. मधे मासे आले, जहाज हललं, की ठिपका तळ सोडून वर उडतो. सुजितइतक्या वेगाने ते कुणीच पुसत नसे. आधी तो चाकणला एका फाउंड्रीत होता. ओतीव पार्टचं स्कॅन पडद्यावर घ्यायचा, कुठे धातूचं टोक बाहेर आलेलं दिसलं की खूण करायची. त्या टोकाला बर म्हणतात. बर राहिली तर अख्खा लॉट परत येतो. टीम लीड निरंजनने चाकणहून अशीच माणसं वेचून आणली होती. नजर तयार आहे, समुद्राचं काय, शिकतील.

सतरा नंबरच्या ब्लॉकमध्ये, दोन जहाजांच्या पट्ट्यांच्या जोडावर, बारीक उंचवटे होते. झुपक्याझुपक्यांनी. सुजितने बघितले आणि घासून काढले.

येताना

बघितले आणि घासून काढले, आणि परदेशातून मेल आला की इतका स्वच्छ तळ आजवर कुणी दिला नव्हता. निरंजनने केक मागवला. शेजारच्या खुर्चीवरची दिव्या म्हणाली, "दादा, तुम्ही समुद्राला रंधा मारला." सगळे हसले. सुजित जास्तच.

मग तिसऱ्या देशाच्या जहाजाने खाली कॅमेरा सोडला. क्लिप सगळ्यांना माहितीसाठी आली. काळोख, काळोखात एक दिवा, आणि त्याच्या उजेडात पांढरी झुडपं. प्रवाळ. माणसाहून उंच ढीग, त्यांच्या फांद्यांत काहीबाही जिवंत, सरकणारं. कोपऱ्यात अक्षांश-रेखांश.

दिव्याने ते नकाशावर टाकले. सतरा नंबर. बरोबर जोडावर. नकाशात तिथे काही नाही.

"दादा, इकडे या जरा."

तो आला. तिने क्लिप थांबवली, नकाशा शेजारी ठेवला. त्याने वाकून नकाशातल्या जोडावर बोट ठेवलं.

"ही बर न्हवती," तो म्हणाला.

जाताना

ही बर नव्हती, हे निरंजनलाही पटलं. पटायला वेळ लागला नाही.

"मूळ फाइल उघडू, सर. एका शिफ्टचं काम हाय. ओव्हरटाइम पण नको."

"मूळ फाइल आपल्याकडे नाही. काम मान्य झालं की पुसायची, करारच आहे तसा. तूच पुसलीस ना?"

"त्यांच्याकडं असंल की."

"प्रत्येकाकडे फक्त स्वतःची. नकाशा तिघांचा, म्हणून जोड उघडायचा तर तिघांनीही हो म्हणायला पाहिजे. आणि सर नको म्हणू रे, तुझ्याहून लहान आहे मी."

"म्हणतील की हो. समुद्र वाचवायलाच तर निघालेत."

निरंजनने मेल टाकला. चांगला टाकला, चूक आमची आहे असं लिहून. देशांची बैठक जवळ आली होती. तळ खरवडत नेणारी जाळी कुठे बंद करायची ते तिथे ठरणार होतं. आधार हाच नकाशा. खडबडीत ब्लॉक बंद. सपाट ब्लॉक खुला.

पहिला देश: जरूर उघडा.

दुसरा देश: जरूर, मात्र बैठकीनंतर. आत्ता एक ब्लॉक बदलला तर बाकीच्यांवरही शंका घेतली जाईल.

तिसरा देश, कॅमेरा सोडणारा: संबंधित अधिकारी रजेवर आहेत.

प्रकल्प कार्यालय: आपल्या तळमळीबद्दल आभार. पुढील आवृत्तीत नोंद घेऊ.

"पुढची आवृत्ती कधी?" सुजितने विचारलं.

"पाच-सहा वर्षं."

"मग क्लिप दाखवा म्हणावं बैठकीत. डोळ्यानं दिसतंय की."

"परिशिष्टात जोडलीय. पण क्लिप म्हणजे एक जागा, सुजित. नकाशा सगळ्यांनी सही केलेला आहे."

दिव्या म्हणाली, "म्हणजे चूक सगळ्यांना मान्य आहे, फक्त ती सही झालेली आहे."

निरंजनने तिच्याकडे बघितलं नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्याने तिसऱ्या देशाला पुन्हा मेल टाकला. पुन्हा तेच उत्तर, आपोआप आलेलं.

येताना

तेच उत्तर, आणि मग बैठकीचा दिवस. कंपनीला ऐकण्यापुरती लिंक मिळाली होती. दुपारी, डबे उघडे ठेवून, तिघे एका पडद्यासमोर बसले. अध्यक्षबाईंचा आवाज मऊ होता. त्या प्रत्येक देशाचं नाव आदराने घेत होत्या. ब्लॉकमागून ब्लॉक रंगत होते. लाल म्हणजे बंद, हिरवा म्हणजे खुला. बारा लाल झाला तेव्हा तिकडे टाळ्या वाजल्या.

"सोळा," दिव्या म्हणाली.

सुजितने माऊस ओढून घेतला. पडद्यावर खाली, बोलायचंय असं कळवणारं, हाताचं चित्र होतं. त्याने ते दाबलं. निरंजनने खुर्ची थोडी मागे सरकवली, बास.

सतरा आला. अध्यक्षबाई म्हणाल्या, कुणाला हरकत?

पडद्यावर कंपनीच्या नावापुढे पिवळा हात उभा होता. इकडे सुजितने इंग्रजीत एक वाक्य मनात जुळवलं, ओठ हलवून पाहिलं. माइकचं चित्र करडंच होतं. दाबलं तरी करडंच. मग खाली एक ओळ आली: श्रोत्यांनी कृपया हात वर करू नये, धन्यवाद. आणि पिवळा हात कुणीतरी, तिकडूनच, खाली घेतला.

हरकत नाही, असं नोंदवलं गेलं. सतरा हिरवा झाला. अठरा आला.

सुजित हिरव्याकडे बघत राहिला. जोडाची जागा त्याला नकाशाशिवायही दाखवता आली असती.

"जाळ्याच्या बोटी तिथं कधी पोचतील?" त्याने विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही.

"दादा," दिव्या म्हणाली, "जेवून घ्या."