पुढच्या रांगेतली खुर्ची

मिसेस सेडलाक घराबाहेर पडाव्यात म्हणून अग्निशमन दलातल्या रोमन कोझिकने दीड वर्ष त्यांच्या दाराशी खेटे घातले होते. जळत्या घरातून त्यांना खांद्यावर टाकून बाहेर आणणारा तोच, आणि त्याच्या लहानपणी शाळेच्या जेवणघरात त्याला बटाटे वाढणाऱ्याही त्याच. आगीनंतर बाईंनी चर्च सोडलं, दुकानं सोडली. शेजारीण सामान पायरीवर ठेवून जायची.

"तासभरच या. भाजलेल्यांसाठीच निधी गोळा करतोय आणि तुम्हीच नाही म्हणजे काय?"

"लोक बघतील रे माझ्याकडे."

"बघू देत. मी आहे ना!"

आणि त्या आल्या, गळ्याभोवती रुमाल गुंडाळून.

गावच्या अग्निशमन दलाचा निधीचा दिवस म्हणजे नुसता उत्साह. चौकात जवान दानपेटीऐवजी हातात आपले बूट धरून उभे, गाड्यांच्या खिडक्यांतून बुटात नोटा पडतायत. मैदानात निखाऱ्यांवर कोंबड्या भाजल्या जातायत. भाजलेल्यांच्या मदतीला भाजलेली कोंबडी! पण यात कुणालाच काही खटकलं नव्हतं. अशा भल्या माणसांचीच मला भीती वाटते.

रोमनने बाईंना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. जुन्या ओळखीचे लोक येऊन बोलले, कुणाच्या तरी थट्टेवर त्या खुदकन हसल्यासुद्धा. रोमनला आभाळ ठेंगणं झालं.

मग प्रात्यक्षिक सुरू झालं. दरवर्षी दलाचे लोक मैदानात फळ्यांची खोली उभी करतात, समोरची बाजू उघडी ठेवतात, आत जुना सोफा आणि पडदे लावून ती पेटवतात. आग किती झपाट्याने पसरते ते गावाला कळावं म्हणून. यंदाची खोली रोमनने दोन संध्याकाळी खपून सजवली होती. ती कुणासमोर पेटणार आहे, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. रोमनच्याही नाही.

"घड्याळावर वेळ मोजा, मंडळी!" दलाचे चीफ ड्यूगन माइकवर ओरडले.

पडदा भस्सकन पेटला. लोकांनी "ओहो!" केलं, फोन वर झाले. पाण्याची नळी धरून उभ्या असलेल्या रोमनला तेव्हा बाई दिसल्या. दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरलेली, तोंड उघडं, आवाज मात्र नाही. मधे जेमतेम बारा पावलं होती. पण नळीवरच्या माणसाने जागा सोडायची नाही, हे पहिल्या दिवसापासून त्याच्या हाडांत भिनलेलं.

"चीफ, विझवतो मी!"

"थांब रे! अजून मिनिटभर. लोकांना खरी आग बघू दे!"

आणि रोमन थांबला. पुढे कुणी विचारो न विचारो, तो थांबला होता.

शेवटी त्याने पाणी सोडलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. वाफ विरली, तर खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाईंच्या दाराशी उभा राहिला. दार उघडलं नाही.

"चुकलं आमचं, मिसेस सेडलाक. नळी सोडता येत नाही हो, नियम आहे."

"ठाऊक आहे." आवाज अगदी दाराजवळून आला. "मला पुढे कुणी बसवलं होतं?"

"मीच. तुमचा मान म्हणून."



"घरी जा, पोरा. आणि यापुढे कुणाला वाचवलंस ना, तर त्याला एवढा मान देऊ नकोस."